घरून ऑनलाइन धंदा आणि रोजच्या कामाची घडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आम्ही येसर (आमटीसाठीची मसालेदार पूड), काळा मसाला आणि डाळी ऑनलाइन विकतो. मालाची चौकशी करणारे फोन येतात, तसे "ताई, तुम्ही रोजचं कसं जमवता?" असं विचारणारेही येतात. बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, सगळीकडून. कुणी हळद विकतं, कुणी साड्या, कुणी मोबाइलवर शिकवण्या घेतं. धंदे वेगळे असले तरी अडचणी बहुतेक सारख्याच निघतात. फोनवर जे सांगते तेच इथं नीट लिहिलं आहे.

दुकान असतं तर शटर उघडावंच लागलं असतं. घरून काम करताना दिवस सुरूच होत नाही. काय करावं?

दुकानदाराला आपल्यापेक्षा जास्त शिस्त असते असं समजू नका. शेजारच्या शटरचा आवाज येतो, माल उतरवायला टेम्पो येतो, पहिलं गिऱ्हाईक पायरीवर उभं असतं. बाजारच त्याला कामाला बसवतो. ऑनलाइन धंद्यात हे काहीच नसतं. ऑर्डर रात्री दोनला पडते आणि सकाळी दारात कुणीही उभं नसतं. म्हणून "उद्यापासून नऊला बसायचंच" हा निश्चय आठवडाभरात विरतो.

तुमच्या घरात आणि गावात रोज काही ना काही ठरल्याप्रमाणे घडत असतं, काम त्याला बांधा. पोरांची रिक्षा गेली की ऑर्डरींची यादी उघडायची. जेवणाची भांडी आवरली की पॅकिंगला बसायचं. कुरिअरवाला येऊन गेला की हिशोबाची वही काढायची. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात हाच मुद्दा प्रयोगांतून मांडला: "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच नेमकं ठरवणारी माणसं नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा काम तडीस नेतात. त्या वेळी "आता काय करू?" हा विचारच करावा लागत नाही.

आमच्याकडे कुरिअरचं पिकअप दुपारी चारच्या सुमारास येतं. सगळा दिवस त्या चारपासून उलटा मोजलेला आहे. साडेतीनला खोकी दाराशी हवीत, म्हणजे तीनपर्यंत लेबलं चिकटलेली हवीत, म्हणजे पॅकिंग जेवणानंतर लगेच, आणि यादी सकाळीच. गावात पिकअप येत नसेल आणि पार्सल तालुक्याच्या पोस्टात नेऊन द्यावं लागत असेल तर ज्या एसटीनं जाता ती एसटी धरा. ती कुणासाठी थांबत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे.

पहाटे पाचला उठल्याशिवाय धंदा वाढत नाही असं व्हिडिओत सांगतात. खरं आहे का?

नाही. घरात सकाळी डबे, पाणी, जनावरं असतील तर पहाटेचा वेळ तुमचा नाहीच. रात्री सगळे झोपल्यावर साडेनऊ ते अकरा तुमचं डोकं चालत असेल तर तीच वेळ धरा. वेळ कुठलीही असो, रोज तीच असावी आणि कामाचा क्रमही तोच असावा.

सवय लागायला किती दिवस लागतात? २१ दिवस म्हणतात.

२१ दिवसांचा आकडा पुष्कळ फिरतो, पण त्याच्यामागे भक्कम अभ्यास नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून पाहिलं. तो अभ्यास २०१०मध्ये छापून आला. ती गोष्ट आपोआप घडू लागायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. पण माणसागणिक फरक प्रचंड होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. जेवताना पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुजली, व्यायामासारखी अवघड गोष्ट उशिरा.

म्हणजे रोज संध्याकाळी विक्री लिहून ठेवणं दोन महिन्यांत अंगवळणी पडेल, पण रोज एक नवा फोटो काढून वर्णन लिहिणं याला सहा महिनेही लागू शकतात. यात तुमचं काही चुकत नाही, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात "मला नाही जमत" म्हणून वही बंद करू नका.

एखादा दिवस सुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का?

नाही. त्याच अभ्यासात दिसलं की एखादी खेप चुकल्यानं सवय रुजण्यात म्हणावा असा फरक पडत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी दुप्पट काम अंगावर घेऊ नका. राहिलेलं सगळं आज भरून काढायचं ठरवलं की आजचंही अर्धं राहतं. कालचं जे ग्राहकाला बाधतं, म्हणजे पाठवायचं पार्सल आणि द्यायचं उत्तर, तेवढं आधी उरका. बाकी सोडून द्या.

रोज नेमकं काय काय करायचं? सगळंच महत्त्वाचं वाटतं.

दोन प्रकारची कामं असतात, ती वहीत वेगळ्या पानांवर लिहा. एक आजचं काम: उत्तरं, पॅकिंग, पाठवणी, पैशांची नोंद. दुसरं पुढचं काम: नवे फोटो, नव्या मालाची माहिती, जुन्या ग्राहकांना निरोप, भाव ठरवणं. आजचं काम ओरडून लक्ष वेधतं. पुढचं काम गप्प असतं, म्हणून महिनोन्‌महिने मागे पडतं आणि एक दिवस ऑर्डरी का आटल्या ते कळत नाही. माझ्या मते दिवसातला पहिला पाऊण तास पुढच्या कामाला द्यावा, मोबाइलवरचे निरोप उघडण्याआधी. एकदा निरोप उघडले की तो पाऊण तास परत मिळत नाही.

आजच्या कामात सर्वांत जास्त वेळ पॅकिंग खातं, आणि त्यात खरा वेळ जातो शोधाशोधीत. कात्री कुठं गेली, टेपचं टोक कुठं चिकटलं, वजनकाट्याचा सेल उतरलाय. आमचं पॅकिंगचं टेबल भिंतीला लावलेलं आहे. डाव्या हाताला दोनच मापांची खोकी, समोर वजनकाटा, उजवीकडे सीलिंग मशीन आणि टेपगन. टेपगनच्या मुठीला सुतळी बांधून ती टेबलाच्या पायाला अडकवली आहे, म्हणजे ती घरात फिरत नाही. मसाल्याला तेल सुटतं, त्यामुळे प्रत्येक पाकिटाला दुहेरी सील करून वरून जाड पिशवी चढवायची आणि बोटानं दाबून हवा निघते का ते पाहायचं. हे रोज त्याच क्रमानं होतं, त्यामुळे हात चालत राहतो आणि गप्पा मारतानाही चूक होत नाही.

खोकी दोनच मापांची का, तर कुरिअर कंपन्या बरेचदा वजनाऐवजी आकारावर पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागायचं, येईल ते किलो. प्रत्यक्ष वजन त्याहून कमी असलं तरी भाडं या मोठ्या आकड्यावर पडतं. खोक्याचं माप ठरलेलं असलं की रोजचं गणित आणि रोजची निवड दोन्ही वाचतात.

माल पोचल्यावर पैसे, अशा ऑर्डरी असतील तर आणखी एक काम रोजचं धरा: पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी एक फोन. "काका, उद्या तुमचं पार्सल निघतंय, पत्ता बरोबर आहे ना?" एवढंच. परत येणारी बरीच पार्सलं इथंच थांबतात.

व्हॉट्सॲप दिवसभर वाजतं. उत्तर उशिरा दिलं तर ग्राहक जाईल अशी भीती वाटते.

भीती खरी आहे, पण ग्राहकाला झटपट उत्तरापेक्षा ठरलेलं उत्तर जास्त पटतं. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८पासून फुकट मिळतं आणि त्यात यासाठीच्या सोयी आहेत. कामाची वेळ नसताना आपोआप जाणारा निरोप लावून ठेवा. आमचा असा आहे: "नमस्कार. निरोप मिळाला. सकाळी ११, दुपारी २ आणि संध्याकाळी ७ वाजता आम्ही उत्तरं देतो. ऑर्डर द्यायची असल्यास नाव, पत्ता आणि पिनकोड लिहून ठेवा." बहुतेक लोक लगेच पत्ता लिहून टाकतात. सकाळी अकराला मोबाइल उघडला की अर्धं काम झालेलं असतं.

"भाव काय?", "घरपोच मिळेल का?", "किती दिवस टिकतं?" हे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येणार. त्यांची उत्तरं झटपट उत्तरांच्या सोयीत एकदाच नीट लिहून ठेवा. नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पाठवलं, तक्रार, अशी लेबलं प्रत्येक संभाषणाला लावत चला, म्हणजे संध्याकाळी यादी वेगळी करावी लागत नाही.

तक्रार मात्र ठरल्या वेळेची वाट पाहत ठेवू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. कायद्याचं राहू द्या, फुटलेलं पाकीट हातात घेऊन बसलेल्या माणसाला त्याच दिवशी फोन करणं ही साधी माणुसकी आहे.

वीज जाते, नेटवर्क जातं. अशात कसली घडी बसणार?

वीज नसताना काय करायचं याची वेगळी यादी करा. पाकिटं भरणं, खोकी दुमडून ठेवणं, मालाची मोजदाद, नव्या मालाचं वर्णन वहीत लिहिणं, जुन्या ग्राहकांना फोन, यातल्या कशालाच वीज लागत नाही. ही यादी टेबलासमोर चिकटवा. दिवे गेले की विचार न करता त्या यादीवर जायचं. लेबलं आणि बिलं मात्र सकाळी वीज असतानाच छापून घ्या, दुपारवर सोडू नका. ग्राहक क्रमांकाला मोबाइल नंबर जोडला असेल तर देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा एसएमएस महावितरणकडून येतो. जोडला नसेल तर आजच जोडा.

नेटवर्कसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवणं हा खर्च नव्हे, गरज आहे. राउटरपुरता छोटा बॅकअपही मिळतो.

पाण्याचंही तसंच. आपल्याकडच्या बऱ्याच शहरांत नळाला पाणी रोज येत नाही, आणि २०१६च्या उन्हाळ्यात तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाण्याच्या दिवशी सकाळ गेलीच असं धरून चाला आणि त्या दिवशी पुढचं काम ठेवूच नका. आधीच तसं ठरवलं की चिडचिड होत नाही.

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याखाली बारा ते चार पॅकिंग करू नका. मालाचंही नुकसान होतं, माणसाचंही. त्या दोन महिन्यांत पॅकिंग सकाळी सातला करतात आमच्याकडे.

घरचे म्हणतात, "घरीच तर आहेस." काम करताना सतत हाक येते. कसं समजवावं?

हा प्रश्न बायकांकडून जास्त येतो, आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटतो. पाहुणे आले की "सुनबाई, ठेव तो मोबाइल, चहा टाक." जाऊबाई शेतात निघाल्या तर ते काम दिसतं. मोबाइलवर पत्ता लिहून घेणारी बाई मात्र बसून राहिलेली दिसते. घरून धंदा करणाऱ्या तरुण पोरांचंही तेच: "काय करायलास रे दिवसभर घरी बसून?" असं गल्लीत विचारतात आणि त्यांचं मन खचतं.

वाद घालून हे सुटत नाही. काम डोळ्यांना दिसेल असं करा. दाराजवळच्या भिंतीवर एक पाटी लावा आणि रोज खडूनं लिहा: आज ११ पार्सलं, पिकअप ४ वाजता. घरातल्या प्रत्येकाला ती दिसते. चारच्या आधी आपण हाक मारली तर काय अडेल हे पाटी सांगते, तुम्हाला बोलावं लागत नाही. महिन्याच्या शेवटी धंद्यातून घरात काय आलं हेही उघड सांगा. गॅस सिलिंडर त्यातून आला, पोराची फी त्यातून गेली, हे कळलं की आवाज बदलतो.

आणि मोठ्यांना कामात मान द्या. आमच्या सासूबाई मसाल्याचा प्रत्येक घाणा नाकाशी धरून पाहतात. खोबरं जरा कच्चं राहिलं असेल तर त्या ताट मागे सरकवतात, बोलत नाहीत. त्या ताट पुढे करत नाहीत तोवर पाकीट भरायला घेत नाही आम्ही. आता पाहुणे आले तर त्याच म्हणतात, "बसा, तिचं पार्सल जाऊ द्या, मी टाकते चहा." असं एका महिन्यात झालं नाही, वेळ लागला. ज्यांच्या घरी सासू-सासरे राजी नाहीत त्यांनी दोन तास तरी ठरवून मागून घ्यावेत आणि ते दोन तास जिवापाड जपावेत. दोन तासांत सुरू झालेले चांगले धंदे मी पाहिले आहेत.

पेरणी, रास (मळणी), लग्नसराई आली की आठ-पंधरा दिवस सगळं विस्कटतं. मग घडी पुन्हा बसत नाही.

मृगाचा पाऊस झाला की घरातलं प्रत्येक माणूस रानात लागतं. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची रास असते, त्यानंतर तूर. मे महिन्यात लग्नं. हे दरवर्षी येतं आणि कधी येणार ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणून त्याला अडथळा न समजता वर्षाच्या आखणीत धरा.

अशा दिवसांसाठी एक छोटा दिवस ठरवून ठेवा. त्यात तीनच गोष्टी असाव्यात: निरोपांना एकदा उत्तर, एक दिवसाआड पाठवणी, पैशांची नोंद. पाऊण तासात बसणारं. रानातून आल्यावर हातपाय धुऊन हा छोटा दिवस उरकायचा. पाऊण तासानं विक्री वाढत नाही, पण गाडीचं इंजिन चालू राहतं, ढकलून पुन्हा सुरू करावं लागत नाही. वेबसाइटवर आणि निरोपात "सध्या माल पोचायला दोन दिवस जास्त लागतील" असं लिहून टाका. ग्राहकाला उशीर चालतो, न सांगता झालेला उशीर चालत नाही.

सण आधी कॅलेंडरवर लिहा. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे रानात पूजा करून तिथंच जेवायचा सण, हे आमच्याकडचं ठळक उदाहरण. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे गावं मोकळी पडतात, सगळे भज्जी, आंबील, उंडे घेऊन रानात. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला हे माहीत नसतं, तो पार्सलची वाट पाहतो. दोन दिवस आधी त्याला वेळ अमावस्या म्हणजे काय ते दोन ओळींत लिहून कळवा. लोकांना ते आवडतं, पुढच्या वर्षी तेच शुभेच्छा पाठवतात.

हिशोब रोज करायलाच हवा का? महिन्याच्या शेवटी एकदम नाही चालणार?

रोज दहा मिनिटं. महिन्याच्या शेवटी यूपीआयच्या याद्या काढून कुणी कशाचे पैसे दिले ते आठवत बसणं फार त्रासाचं. रोज चार रकाने पुरतात: आलेली रक्कम, कुणाची, कशाची, खर्च. मार्केटप्लेसवर (अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र विकणाऱ्या वेबसाइटवर) विकत असाल तर त्यांच्याकडून जमा झालेली रक्कम आणि ऑर्डरींची यादी आठवड्यातून एकदा ताडून पाहा, कारण कमिशन, भाडं आणि परतावे वजा होऊन रक्कम येते.

जीएसटीच्या तारखा भिंतीवर लिहा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ची (विक्रीचा तपशील) ११ आणि जीएसटीआर-३बीची (एकूण गोषवारा आणि कर भरणं) २० तारीख, पुढच्या महिन्याची. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाहीचा पर्याय घेता येतो, मग महाराष्ट्रात याच दोन रिटर्नना तिमाहीनंतरच्या महिन्याची १३ आणि २२ तारीख, शिवाय तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत. काहीच विक्री झाली नाही तरी रिटर्न भरावं लागतं. शून्य रिटर्नलाही उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, एरवी ५० रुपये विलंब शुल्क लागतं.

जीएसटी नोंदणीबद्दल बरेच जण विचारतात. मार्केटप्लेसवरून माल विकायला पूर्वी उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३पासून फक्त राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या आणि जीएसटीच्या उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या छोट्या विक्रेत्यांना पूर्ण नोंदणीऐवजी नुसत्या नावनोंदणी (एनरोलमेंट) क्रमांकावर विकता येतं. परराज्यात विकायचं तर नोंदणी लागतेच. तुमच्या बाबतीत काय ते आपल्या सीएंना विचारा.

ऑर्डरच नसलेल्या दिवशी बसून काय करायचं?

ठरल्या वेळी टेबलाशी बसायचंच. पुढच्या कामाचं पान उघडा. खिडकीच्या उजेडात मालाचे फोटो काढा, सकाळी आठ-नऊचा उजेड सगळ्यात चांगला. तीन महिन्यांपूर्वी माल घेतलेल्या पाच जणांना आवडला का ते विचारा, विकायला जाऊ नका. ऑर्डर नसली की उठून जायची सवय लागली तर ऑर्डर आल्यावरही बसवत नाही.

नोकरी सांभाळून करतोय. रोज जमत नाही.

मग रोज करूच नका, आठवड्यातले चार ठरलेले दिवस धरा. सोमवार, बुधवार, शुक्रवारी पाठवणी आणि रविवारी पुढचं काम. ते वार ग्राहकांना सांगा.

यासाठी कुठलं ॲप वापरावं?

दोनशे पानी वही आणि एक पेन. वर्षभर वही नीट चालली की मग ॲप पाहा.

सुट्टी घ्यावी का?

आठवड्यातून एक पूर्ण दिवस, मोबाइलवरच्या निरोपांसकट. गावचा बाजार ज्या वारी भरतो तो दिवस धरला तर बाहेरची कामंही होतात.

मदतीला कुणी ठेवायचं तर कोणतं काम आधी द्यावं?

पॅकिंग. तुमचा क्रम हातांत बसलेला असेल तर तो एका कागदावर लिहून देता येतो: यादी, वजन, भरणं, सील, दाबून पाहणं, खोकं, लेबल. गल्लीतली एखादी ताई दुपारचे दोन तास आली तरी पुष्कळ होतं, आणि तिचे पैसे ठरल्या दिवशी द्या. पहिले पंधरा दिवस शेजारी बसून करा, बोट दाखवून चुका काढत बसू नका, करून दाखवा. ग्राहकांची उत्तरं आणि पैशांची वही वर्षभर तरी स्वतःकडेच ठेवा.